विश्लेषण : ग्रंथालयशास्त्रात नेमके शिकवतात काय?

पदवीनंतर ग्रंथालय व माहितीशास्त्राला प्रवेश घेतला की घरचे हमखास विचारतात, ‘पुस्तके रचायला पदवी कशाला?’ यंदा या वर्गात बसणाऱ्यांना उत्तर वर्गीकरणाच्या तासाला मिळेल.

वर्गीकरण इतके महत्त्वाचे का?

अनेक ग्रंथालयांत वापरली जाणारी ड्युई दशांश पद्धती अमेरिकेत १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिने ज्ञानाचे दहा वर्ग केले. साहित्याचा वर्ग ८००. त्यात इंग्रजी साहित्याला ८२० हा अख्खा विभाग मिळाला. मराठी साहित्य मात्र ८९१.४६ या क्रमांकावर, दशांश चिन्हाच्या पलीकडे. म्हणजे वर्गीकरणालाही दृष्टिकोन असतो. पुस्तकाची जागा ठरवणारा ते कोणाला सापडेल हेही ठरवतो. चुकीच्या कप्प्यात गेलेले पुस्तक हरवल्यातच जमा.

रंगनाथन यांनी काय केले?

गणिताचे अध्यापक एस. आर. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनमध्ये शिकताना त्यांनी दुकानात मेकॅनो पाहिला. त्याच तुकड्यांतून वेगवेगळी खेळणी तयार होत होती. विषयही असेच पैलूंमध्ये सुटे करून जोडता येतील, या विचारातून १९३३ मध्ये त्यांची कोलन वर्गीकरण पद्धती आली. आज ऑनलाइन खरेदी करताना आपण रंग, आकार, किंमत निवडत जातो, त्यामागची कल्पना हीच.

सर्च इंजिन असताना ग्रंथपाल कशाला?

‘दुष्काळावर काहीतरी द्या,’ असे वाचक म्हणतो. १९७२चा दुष्काळ की अलीकडचा? पावसाचे आकडे हवेत, रोजगार हमीचा इतिहास की कादंबरी? विचारणाऱ्यालाच नीट न सुचलेला प्रश्न त्याच्याशी बोलून स्पष्ट करणे म्हणजे संदर्भसेवा. मग तालिका, नियतकालिके, ‘शोधगंगा’वरील प्रबंध यांपैकी कुठे शोधायचे ते ठरते.

पुढे संधी कोणत्या?

महाविद्यालयीन ग्रंथपालपदासाठी साधारणपणे ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट, अथवा पीएच.डी. लागते. १९६७च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेली गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये बहुतांशी शासकीय अनुदानावर चालतात. तेथील मानधन तुटपुंजे असते, हे आधीच माहीत असलेले बरे. मात्र नोकरी कुठेही असो, कामाची कसोटी एकच : विचारायला आलेला माणूस रिकाम्या हाताने परतला का?