तेलाच्या विहिरीतला चिखल काय सांगतो?

बोअर मारताना गाडीभोवती गर्दी होते ती बाहेर काय पडतंय ते बघायला. मुरूम, काळा दगड की ओलावा? तेलाच्या विहिरीवर हेच बघायला पगारी माणसं असतात, रात्रंदिवस. त्या कामाला मड लॉगिंग म्हणतात.

आपल्या बोअरमधला चुरा हवेच्या जोराने वर येतो. तिथे बहुतेक ठिकाणी पाइपातून चिखल खाली सोडतात. तो दगडाचा चुरा घेऊन बाजूने वर येतो आणि हलत्या चाळणीवर पडतो. चुरा धुऊन मायक्रोस्कोपखाली बघतात. नोटा तपासायच्या निळ्या दिव्यासारख्या दिव्याखाली तेल लागलेला कण चमकतो. पण विहीर खोल असली की चुरा वर यायला तास-दीड तासही लागतो, तोवर यंत्र आणखी खाली गेलेलं असतं. त्यामुळे हातातला दगड नक्की किती खोलीचा, हा हिशेब सतत ठेवावा लागतो.

खरी जोखीम गॅसची. चिखलाच्या वजनाने खालचा गॅस दबून राहतो. टाकीतला चिखल आपोआप वाढायला लागला किंवा त्यात गॅस जास्त दिसला, की मड लॉगर लगेच ड्रिलरला सांगतो. मग विहिरीचं तोंड बंद करतात. उशीर झाला तर विहीर उसळते. 1995 मध्ये आंध्रातल्या पासरलापुडीची गॅसविहीर अशीच उसळली. ती आग विझवायला दोन महिने लागले, आजूबाजूची गावं रिकामी करावी लागली.

हे काम जिओलॉजी शिकलेली पोरं करतात. ड्युटी साधारण 12 तासांची.