‘असतील की क्लाउडवर!’

फेब्रुवारीत आजी गेली. तेराव्याला फ्रेम करायची म्हणून बाबांनी विचारलं, “तुझ्याकडे असेल ना तिचा एखादा चांगला फोटो?” माझ्याकडे नसेल तर कुणाकडे असणार? घरात सारखी फोन घेऊन फिरणारी मीच. गॅलरी उघडली, तर अकरा हजारांवर फोटो. कॉलेजचा फेस्ट, चहाचे कप, नोट्सचे स्क्रीनशॉट, ‘शुभ सकाळ’ची गुलाबं. आजी कुठेच नाही. मग आठवलं, दिवाळीत फोन फुल झाला तेव्हा मीच शेकडो फोटो धडाधड डिलीट केले होते. म्हटलं, असतील की क्लाउडवर!

नव्हते. शेवटी आत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक सापडला. मांडीवर मेथीची जुडी, नाकावर घसरलेला चष्मा आणि माझ्या हाकेसरशी वर बघणारी आजी. स्टुडिओवाल्या काकांनी तो मोठा करून पाहिला. म्हणाले, “बारा बाय अठराला फुटतोय गं. ओरिजिनल नाही का?” आज आमच्या भिंतीवर पोस्टकार्डाएवढी आजी आहे.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून मी काय शिकले ते सांगते.

आरसा म्हणजे तिजोरी नव्हे

फोन आणि क्लाउड एकमेकांचे आरसे असतात. गूगल फोटोज अ‍ॅपमध्ये साधं डिलीट दाबलं की फोटो दोन्हीकडून जातो. ट्रॅशमध्ये तो ६० दिवस राहतो, आयक्लाउडवर ३० दिवस. नंतर गेला तो गेलाच. फक्त फोन रिकामा करायचा असेल तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा. बॅकअप झालेलेच फोटो त्याने फोनमधून निघतात, क्लाउडवरचे राहतात.

जागेचंही भान ठेवा. १ जून २०२१ पासून गूगलवर अमर्याद फुकट फोटो ठेवायची सोय बंद झाली. आता मिळणाऱ्या १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो, सगळेच वाटेकरी. ते भरले की नवे फोटो वर जाणं थांबतं, आणि आपण मात्र बॅकअप चालू आहे याच समजात!

कॉम्प्युटरवर घर बांधा

केबल लावा, फोनमधलं डीसीआयएम फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करा. कट नाही, कॉपीच! मग आकारानुसार लावून सगळ्यात मोठे व्हिडिओ आधी बघा. जागा तेच खातात. व्हॉट्सअ‍ॅपचे फॉरवर्ड सरळ उडवा.

उरलेल्यांना वर्षाचं फोल्डर आणि त्यात प्रसंगाचं. नाव असं: ‘२०२४-११-०२ पाडवा आजीकडे’. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, कारण कॉम्प्युटर नावं डावीकडून वाचतो. असं लिहिलं की फोल्डर आपोआप ओळीने लागतात. जुन्या फोटोतली माणसं कोण ते आईला आत्ताच विचारा आणि फाइलच्या नावात लिहून ठेवा.

आणि हो, लग्नाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा. नेहमीसारखा पाठवला की फोटो दाबून लहान होतो. आमच्या फ्रेमचं तेच झालं.

तीन, दोन, एक

पीटर क्रोघ या फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला नियम सोपा आहे. प्रत्येक फोटोच्या ३ प्रती, २ वेगळ्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर. आपल्यासाठी लॅपटॉप, एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि क्लाउड. हार्ड डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवलीत तर चोर दोन्ही एकदम नेणार. आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला घराघरांत पाणी शिरलं, तसं शिरलं तर कपाटातला अल्बम काय आणि डिस्क काय, सारखंच. म्हणून एक प्रत बाहेर हवीच.

शेवटचं म्हणजे बॅकअप उघडून बघा. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत एका चुकीच्या कमांडने ‘टॉय स्टोरी २’च्या फायली उडाल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालतच नव्हता. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत होती, म्हणून सिनेमा वाचला. तुमच्या डिस्कवरचे चार-पाच फोटो महिन्यातून एकदा उघडून पाहायला दोन मिनिटं लागतात.

या रविवारी एक तास काढा. सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोटोंपासून करा. आपले सेल्फी पुढच्या रविवारी लावले तरी चालतील.