नाकाला रेघ नसते

पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये, पूर्वेच्या खिडकीशी, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बायकोचं पोर्ट्रेट काढायला बसले आहेत. ती समोर तांदूळ निवडतेय. ‘हलू नकोस’ म्हटलं की मुद्दाम हलते. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बी ग्रेड मिळाली होती, तेवढ्या भांडवलावर हे धाडस. पण त्या परीक्षेत वस्तुचित्रातल्या कळशीचा गळा थोडा जाड झाला तरी कळशी ही कळशीच राहते. इथे नाक आणि वरचा ओठ यांतलं अंतर सुताभर वाढलं, की बायकोच्या जागी तिची थोरली बहीण येऊन बसते.

पहिल्या दिवशी त्यांनी डोळ्यापासून सुरुवात केली. नवशिके बहुधा तेच करतात. बुबुळ, त्यातली चकाकी, मग एकेक पापणी. पाऊण तास गेला. डोळा झकास उतरला. दुसरा काढला तेव्हा तो पहिल्यापेक्षा एक पायरी वर चढलेला, आणि कपाळ तर जवळजवळ नाहीच.

कपाळाचं हे असं होतंच. मोठ्या माणसाचे डोळे टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या साधारण निम्म्यावर असतात, यावर पट्टी लावून बघेपर्यंत कुणाचा विश्वास बसत नाही. कपाळावर बघण्यासारखं काही नसतं, म्हणून हात ते परस्पर कापून टाकतो. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर काही मिनिटांत चेहरा काढून देणारे चित्रकार आधी डोक्याचा आकार आणि मानेचा कल पकडतात. पापण्यांची वेळ फार उशिरा येते. आपल्या गृहस्थांनीही मग हात ताठ धरला, एक डोळा मिटला आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत अंतरं मोजायला घेतली. ‘‘अहो, नेम धरताय की काय?’’ तांदळातून विचारणा झाली.

खरी झुंज नाकाशी. त्यांनी नाकाच्या दोन्ही बाजूंनी दोन रेघा ओढल्या आणि चेहऱ्यावर पाचर ठोकल्यासारखं दिसू लागलं. समोर पाहावं तर रेघ कुठेच नाही. खिडकी डावीकडे, त्यामुळे नाकाची उजवी बाजू नुसती मंद सावली. उजेडाकडची बाजू गालात कधी मिसळली ते कळतही नाही. गडद म्हणावं असं काही असेल तर नाकपुडी आणि तिच्याखाली ओठावर उतरलेली छोटी तिरपी सावली. डोळे किलकिले केले की बारकावे विरतात आणि उजेड, मधली छटा, अंधार एवढंच उरतं. तेवढंच कागदावर उतरवायचं. आधी त्यांनी पासपोर्टच्या फोटोवरून प्रयत्न केला होता, तो फसला याचं कारणही इथेच आहे: समोरून पडलेल्या फ्लॅशने सगळ्या सावल्या पुसून टाकल्या होत्या. चेहरा पोळीसारखा सपाट.

दुसरी अडचण काळं करायच्या भीतीची. घरात होती ती एचबी पेन्सिल, तिने सगळा चेहरा राखाडी झाला, केससुद्धा. पेन्सिलीचा मऊकठीणपणा ठरतो ग्रॅफाइटमध्ये माती किती मिसळली त्यावर. ही युक्ती फ्रान्समधल्या निकोला-जाक काँतेची, १७९५ सालची. युद्धामुळे इंग्लंडचं ग्रॅफाइट मिळेनासं झालं, तेव्हा त्याने भुकटीत चिकणमाती कालवून ती भाजली. माती जास्त तर शिसं कठीण आणि रेघ फिकी. म्हणून कमी मातीच्या, मऊ ४बी आणि ६बी आणल्या. तरी केसांत ६बी दाबून घासायला त्यांचा हात धजेना, आणि त्या काळेपणाशिवाय गाल उजळेना. बोटाने चोळून मऊ करायचा मोह झाला. बोटाचं तेल कागदाला लागून तिथे डाग पडला आणि रबरानेही हलेना. हाताखाली कोरा कागद ठेवायचा हे शहाणपण तळहाताची कड काळीभोर झाल्यावर आलं.

मधेच त्यांनी बायकोला सांगितलं, की मुंबईचे वासुदेव कामत यांनी आपल्या पत्नीचं पोर्ट्रेट केलं आणि त्याला अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचं २००६ सालचं ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळालं. ‘‘त्या तांदूळ निवडत होत्या का?’’ तिने विचारलं.

पाचवा कागद बरा झाला. तिने चष्मा लावून तो खिडकीशी धरला. ‘‘ही मीच आहे,’’ ती म्हणाली, ‘‘पण कुणावर तरी चिडलेली.’’

त्यांनी पाहिलं. जिवणीचा उजवा कोपरा केसभर खाली गेला होता. रबराची कड ब्लेडने कापून टोकदार केली, कोपरा अलगद उचलला, आणि खरा कोपरा कुठे संपतो ते बघायला मान वर केली. ताट रिकामं होतं. स्वयंपाकघरातून कुकरचं झाकण बसवल्याचा आवाज आला.