चोपाऊची विद्या, फरीदाबादचे इंजिन

जुनी जपानी मोटारसायकल घरी बांधायला घेणाऱ्यांचा बराचसा वेळ रंग, क्रोम आणि अस्सल सुटे भाग यांच्या शोधात जातो, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात मूळ मीटर किंवा टाकीवरचे चिन्ह हाती लागले की अर्धी लढाई जिंकल्याचे समाधान त्यांना वाटते. यामाहाच्या आर.डी. ३५० सारख्या टू-स्ट्रोक गाडीच्या बाबतीत हे समाधान फसवे असते, कारण या इंजिनाचा निम्मा कारभार सिलिंडरच्या बाहेर, सायलेन्सरच्या पोटात चालतो, आणि तो समजून न घेता केलेली पुनर्बांधणी ही केवळ रंगसफेदी ठरते.

आर.डी. ३५० ही गाडी १९७३ साली बाजारात आली. ६४ मिलिमीटर व्यासाचे व ५४ मिलिमीटर धावेचे दोन सिलिंडर, ३४७ घनसेंटिमीटर क्षमता आणि मिश्रण आत येण्याच्या वाटेवर पातळ पोलादी पाकळ्यांची झडप, म्हणजे रीड व्हॉल्व्ह, ही तिची वैशिष्ट्ये होत. आत शिरलेले मिश्रण कार्ब्युरेटरकडे परतू नये आणि कमी वेगातही गाडीने ओढ धरावी, हे त्या झडपेचे काम. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून ती राजदूत ३५० या नावाने बनवली, तेव्हा पुढचा डिस्क ब्रेक जाऊन ड्रम आला आणि इंधन कमी लागावे म्हणून मूळची ३९ अश्वशक्ती आधी ३०.५ वर व पुढे २७ वर उतरवण्यात आली. यांपैकी पहिला प्रकार हाय टॉर्क आणि दुसरा लो टॉर्क म्हणून ओळखला जातो. कंपनीने आवळलेले इंजिन तसेच ठेवावे की ते जपानी मापांवर न्यावे, यावर या गाडीचे चाहते आजही हिरिरीने भांडतात.

त्या भांडणाआधीची कामे ठरलेली आहेत. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हाच मिश्रण दाबणारा पंप असल्यामुळे, वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीतील रबरी ऑइल सील कडक झाली असतील तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण विरळ होते आणि तापलेला पिस्टन सिलिंडरला धरतो. म्हणून सर्व वाटा बंद करून प्रति चौरस इंच ६ पौंडांच्या आसपास दाब भरायचा आणि तो टिकतो की नाही हे पाहायचे असते. ब्लॉक बोअर करून आणल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्यांच्या, कडा गोलसर कराव्या लागतात, अन्यथा रिंग तिथे अडकून तुटते. दोन्ही सिलिंडरांचे पॉइंट स्वतंत्र असल्याने ठिणगीची वेळ डायल गेज लावून दोन्हीकडे मोजायची, आणि ती पिस्टन माथ्याला पोहोचण्याच्या २ मिलिमीटर आधी आणून ठेवायची. एवढे झाले की इंजिन चालते; ते किती चांगले चालते, हे मात्र सायलेन्सर ठरवतो.

टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर जाणे आणि ताजे मिश्रण आत येणे या दोन क्रिया जवळजवळ एकाच वेळी घडत असल्याने ताज्या मिश्रणाचा काही भाग धुराबरोबर निसटून जातो. हा निसटलेला भाग परत आणण्याची युक्ती ध्वनिलहरींमध्ये आहे. धुराचे पोर्ट उघडताच दाबाची लाट नळीतून निघते, रुंदावत जाणाऱ्या शंकूपाशी तिचा काही भाग ओढ बनून उलटा फिरतो व सिलिंडर रिकामा करतो, आणि पुढच्या निमुळत्या शंकूवर आपटून परतलेली लाट, पोर्ट बंद होण्याच्या अगदी आधी पोहोचली, तर बाहेर गेलेले मिश्रण पुन्हा आत ढकलते. अशा रचनेला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. तिचे गणित १९७३ सालीच प्रसिद्ध झालेल्या गॉर्डन जेनिंग्ज यांच्या पुस्तिकेमुळे सामान्य कारागिरापर्यंत पोहोचले. लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५१८ मीटर धरला आणि धुराचे पोर्ट १८० अंश उघडे राहत असेल, तर मिनिटाला ७५०० फेऱ्यांसाठी पिस्टनपासून लाट परतण्याच्या जागेपर्यंतचे अंतर सुमारे १०४ सेंटिमीटर येते आणि ९००० फेऱ्यांसाठी ते ८६ सेंटिमीटरवर उतरते. आवाज घुमावा म्हणून सायलेन्सर मधूनच कापणारा माणूस या गणिताच्या मुळावरच करवत चालवत असतो.

या विद्येचा खरा शिल्पकार मात्र जपानी नव्हता. पुढे पूर्व जर्मनीत गेलेल्या चोपाऊ या छोट्या गावी डी.के.डब्ल्यू. कंपनीचा कारखाना होता आणि तिथेच हेर्मान वेबर या अभियंत्याने आर.टी. १२५ ही साधी, बळकट गाडी घडवली. दुसऱ्या महायुद्धानंतर वेबरला सोव्हिएत संघात नेण्यात आले आणि तिथेच त्याचा अंत झाला. त्याच्या गाडीची मात्र इंग्लंड, अमेरिका, रशिया व पोलंड येथे नक्कल झाली, आणि यामाहाची १९५५ मधील पहिली मोटारसायकल वाय.ए.-१ हीदेखील तिच्याच धर्तीवर बेतलेली होती.

सायलेन्सरच्या विद्येचा तो शिल्पकार, वाल्टर काडेन, याचा जन्म १९१९ साली चोपाऊजवळच्या पोबरशाऊ येथे झाला. युद्धकाळात तो पेनेम्युंडे येथील अस्त्र-संशोधन केंद्रात होता, आणि त्यामुळे व्ही-१ या उडत्या बॉम्बच्या धडधडत्या इंजिनातून त्याला सायलेन्सरची कल्पना सुचली असे पुष्कळदा लिहिले जाते. प्रत्यक्षात त्याचे काम हेन्शेल कंपनीच्या एच.एस. २९३ या वेगळ्याच अस्त्रावर होते, तेव्हा ती कथा रंजक असली तरी आधारावाचून आहे. युद्धानंतर चोपाऊला परतून त्याने छपरांच्या लाकडी कैच्यांचा धंदा सुरू केला, आणि फावल्या वेळात जुन्या आर.टी. १२५ वरून स्वतःच्या शर्यतीच्या गाड्या बांधून स्थानिक शर्यती जिंकल्या. पुढे एम.झेड. या नावाने प्रसिद्ध झालेल्या सरकारी कारखान्याने आपला शर्यत विभाग १९५३ च्या सुमारास त्याच्या हाती सोपवला, तो या घरगुती कामगिरीमुळे.

काडेनने सगळे शून्यातून निर्माण केले असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण फिरत्या तबकडीची झडप डॅनिएल त्सिमरमानने आणि फुगीर नळीचा प्राथमिक प्रयोग पश्चिमेकडच्या एरिख वोल्फने त्याच्या आधी केला होता. काडेनने त्यांचे एकत्रित शास्त्र बनवले: धुराच्या लाटा ऑसिलोस्कोपवर पाहिल्या, नळीची मापे एकेक करून बदलली आणि १९६१ पर्यंत १२५ घनसेंटिमीटरच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे २००, काढून दाखवली. हे सारे चांगल्या धातूंची आणि पैशाची सतत टंचाई असलेल्या देशात घडले.

त्याच वर्षी त्याचा सर्वोत्तम स्वार एर्न्स्ट डेग्नर जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. बर्लिनची भिंत ऑगस्टमध्ये उभी राहिली, आणि सप्टेंबरमध्ये स्वीडनमधील क्रिस्टियानस्टाड येथे शर्यत चालू असताना इंजिन बंद पडल्यावर डेग्नर तेथून निघाला तो डेन्मार्कमार्गे पश्चिम जर्मनीला पोहोचला. त्याच्या पत्नीला व मुलांना त्याच सुमारास मोटारीत लपवून पूर्वेतून बाहेर काढण्यात आले होते. वर्षाची शेवटची शर्यत अर्जेंटिनात होती, तिथे त्याला उतरता आले नाही आणि १२५ चे अजिंक्यपद होंडाच्या टॉम फिलिसकडे गेले. डेग्नर हामामात्सू येथे सुझुकीच्या कारखान्यात दाखल झाला, आणि १९६२ साली त्याने ५० घनसेंटिमीटर गटाचे जगज्जेतेपद सुझुकीला मिळवून दिले. टू-स्ट्रोक इंजिनाचे ते पहिले जगज्जेतेपद; एम.झेड.ला ते कधीच मिळाले नाही.

काडेनची विद्या अशी सुझुकीकडे जाणे ही चोरी होती काय, यावर अजूनही दोन तट आहेत. शंकूची बाह्य मापे कोणत्याही शर्यतीच्या मैदानावर टेपने घेता आली असती. डेग्नरने नेले ते त्या मापांमागचे कारण, आणि ते नेणे नैतिकदृष्ट्या अधिक गंभीर होते. तरीही सुझुकीकडे उत्तम धातू, अचूक यंत्रे आणि खर्च करण्याची तयारी नसती, तर ते ज्ञान कागदावरच राहिले असते. अन्याय झाला तो श्रेयाच्या बाबतीत: सुझुका शर्यतमार्गावरील वळणाला डेग्नरचे नाव मिळाले, आणि १९९६ साली चोपाऊचाच रहिवासी म्हणून वारलेला काडेन जाणकारांपुरता उरला. एकदा फुटलेले गुपित जपानभर पसरायला वेळ लागला नाही, आणि १९६४ साली फिल रीडने यामाहाच्या टू-स्ट्रोकवर २५० घनसेंटिमीटर गटही जिंकला. आर.डी. ३५० ही त्या स्पर्धेतून तावून निघालेल्या पिढीची रस्त्यावरची गाडी होय.

राजदूतच्या वादाचा निकालही काडेनच्या पद्धतीतूनच लावता येतो. इंजिन आवळण्यात एस्कॉर्ट्सचे काही चुकले नव्हते, कारण मायलेज पाहून गाडी घेणाऱ्या बाजारात तहानलेली गाडी विकणे अवघडच होते. तेव्हा लो टॉर्क हा प्रकारही इतिहासाचा भाग आहे आणि तो कानस लावून पुसून टाकण्यासारखा नाही. पोर्टची धातू एकदा घासली की परत येत नाही, मूळ ब्लॉक दुर्मीळ होत चालले आहेत, आणि उंच केलेल्या पोर्टला जुळणारा सायलेन्सर नसेल तर वाढलेली ताकद वापरातल्या वेगात सापडतच नाही. सायलेन्सर मात्र नट काढले की सुटतो. म्हणून आधी सील बदलून, दाब तपासून आणि ठिणगी जुळवून इंजिन कारखान्याच्या मापावर आणावे, मूळ सायलेन्सर जपून ठेवावेत, आणि प्रयोगच करायचा असेल तर मोजमाप लिहून ठेवत तो नळीवर करावा: एका वेळी एकच माप बदलावे, प्लगचा रंग पाहावा आणि मगच पुढचा पत्रा कापावा.