‘ही दारू थोडीच आहे?’

पालमहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नांदेडला कॉलेजात शिकणारा त्यांचा मुलगा सुट्टीत घरी आला तो द्राक्षरसाचे डबे आणि यीस्टची पुडी घेऊनच. “आई, घरी वाईन करू. दुकानातला रसच तो, दारू थोडीच आहे?” असं त्याचं म्हणणं. ताई लिहितात, “माझ्या थोरल्या दिरांचा संसार दारूपायी धुळीला मिळाला. म्हणून जीव धास्तावतो. पण मुलगा मला अडाणी समजतो. खरं काय ते सांगा.”

ताई, आंबवणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? इडलीचं पीठ फुगतं, जिलबीचा घोळ आंबतो, शिंदीची पहाटेची गोड नीरा उन्हं चढली की मादक होते. वाईनचंही तेच. यीस्ट हे सूक्ष्म जीव रसातली साखर खातात. वजनाने तिचं साधारण निम्मं अल्कोहोल होतं आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड वायू.

आता हिशेब मांडू. लिटरभर रसात १०० ग्रॅम साखर धरली, तर ती सगळी आंबल्यावर जवळजवळ ६ टक्के अल्कोहोल तयार होतं. म्हणजे बियरइतकं किंवा थोडं जास्तच! वरून आणखी १०० ग्रॅम साखर घातली की ११-१२ टक्के. डब्यात होता तोवर तो रस होता. आंबल्यावर ती दारूच. नाव गोड असलं म्हणून काय झालं?

दुसरा धोका बाटलीचा. त्याच १०० ग्रॅम साखरेतून सुमारे २५ लिटर वायू निघतो. बूच घट्ट लावलेल्या काचेच्या बाटलीत तो कोंडला, तर बाटली फुटून काचा उडतात. शिवाय पुष्कळ डब्यांवर सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट लिहिलेलं असतं. यीस्ट वाढू नये म्हणूनच ते घालतात. मग रस धड आंबतही नाही आणि पैसे मात्र वाया जातात.

आणि कायदा? महाराष्ट्रात १९४९ सालचा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय मादक पेय तयार करणं हा गुन्हा आहे. ‘घरापुरती, थोडीशीच’ म्हणून सुटका नाही. नाशिककडच्या वायनऱ्या चालतात त्या परवाना घेऊन. गोव्यात नाताळला घरोघरी द्राक्षांची वाईन करतात हे खरं. पण पालम गोव्यात नाही, बरं का!

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांत वाईन ठेवायला मंजुरी दिली, तेव्हाही ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य खूप गाजलं आणि त्यावर मोठा वादही झाला. द्राक्ष बागायतदाराच्या मालाला भाव मिळावा हा विचार वेगळा आणि घरात पहिला पेला कुणी, कोणत्या वयात उचलावा हा विचार वेगळा. दुसरा विचार आईने केला तर त्यात अडाणीपणा कसला?

मुलावर ओरडू मात्र नका. कसं आंबतं हे जाणून घ्यायची त्याची हौस चांगली आहे. त्याला वरचा हिशेब कागदावर मांडायला लावा. मोठ्या काकांचं काय झालं, तेही एकदा शांतपणे सांगा. घरात झाकून ठेवलेल्या गोष्टी मुलांना कळत नाहीत आणि मग ती ‘थोडीच आहे’ म्हणतात.

डबे आणलेच आहेत, तर त्यांचं हे करा. एक लिटर द्राक्षरसात चार लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, आल्याच्या दोन चकत्या आणि संत्र्याची थोडी साल घाला. मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा. उकळी येऊ देऊ नका. गाळून अर्ध्या लिंबाचा रस पिळा. थंडीत गरम आणि उन्हाळ्यात गार करून द्या. रंग वाईनचाच दिसतो आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना चालतो.

जाता जाता : उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. फेस, बुडबुडे किंवा आंबूस वास आला, किंवा न उघडलेला डबाच फुगला, तर चव न घेता टाकून द्या. मुलांना तर मुळीच देऊ नका.