एड्रियाटिकच्या कांठचीं दोन नगरें

त्रिएस्तहून खुष्कीच्या मार्गानें एड्रियाटिक सागराच्या कांठाकांठानें दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला क्रोएशियांत दोन प्राचीन नगरें लागतात. जुनें नगर कशाच्या बळावर टिकतें, या प्रश्नाचीं तीं दोन निराळीं उत्तरें आहेत.

पहिलें स्प्लिट. रोमचा बादशहा डायोक्लिशियन इ. स. ३०५ मध्यें राज्यत्याग करून येथील आपल्या तटबंदीच्या वाड्यांत राहावयास आला. सातव्या शतकांत शेजारचें सलोना शहर उद्ध्वस्त झालें, तेव्हां निराश्रितांनीं या वाड्याच्या दालनांतच संसार थाटले. बादशहाच्या समाधीचें पुढें ख्रिस्ती मंदिर झालें. माणसें राहिलीं, म्हणून वाडा राहिला.

तेथून पुढें जातांना पूर्वीं बोस्नियाची चिंचोळी पट्टी ओलांडावी लागे. २०२२ पासून पेल्येशात्सच्या पुलामुळें ती टळते. मग येतें डुब्रॉव्हनिक. या व्यापारी प्रजासत्ताकाजवळ सैन्य थोडें, परंतु धोरण मोठें. सुमारें दोन किलोमीटरांचा तट त्यानें बांधलाच; शिवाय तुर्की सुलतानास खंडणी भरून व्यापार राखला. सत्ता एकाच्या हातीं साचूं नये म्हणून तेथील प्रमुख एकच महिना अधिकारावर असे. १६६७ च्या भूकंपांतून तें सावरलें. १८०८ मध्यें फ्रेंचांनीं राज्य मोडलें, तरी नगर उरलें. १९९१-९२ च्या वेढ्यांत फुटलेलीं छपरेंहि पुन्हा शाकारलीं गेलीं.

आज मात्र तटाच्या आंतलीं बिऱ्हाडें उतारूंच्या सोयीसाठीं रिकामीं होत आहेत. तोफांना जें साधलें नाहीं, तें पाहुण्यांच्या गर्दीनें होऊं नये, हीच आतां त्या नगराची चिंता आहे. तटावरून फिरणाऱ्यानें खालीं वाळत घातलेले कपडेहि पाहावे. नगर जिवंत असल्याची ती खूण होय.