गळ, होडी आणि तापीचा हिशेब

मासे धरणे या उद्योगाविषयी सुशिक्षित समाजात दोन मते आढळतात. एक, तो आळशी माणसाचा वेळ घालवण्याचा मार्ग आहे. दुसरे, तो केवळ नशिबाचा खेळ आहे. ही दोन्ही मते पाण्यापासून दूर राहून बनलेली असावीत. प्रत्यक्षात या उद्योगाला निरीक्षण लागते, संयम लागतो, कायद्याची माहिती लागते, आणि होडी घ्यायची म्हटली तर चोख जमाखर्चही लागतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे शेवटच्या मुद्द्यावर जरा अधिक लिहिणार आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

माझे आजोळ इकडचे, कन्नड बोलणारे. पण घर बुऱ्हाणपूरचे आणि शाळाही तिथलीच, मराठी माध्यमाची. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असले तरी गावात मराठी घरे पुष्कळ आहेत. गाव तापीच्या काठी वसले आहे. बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावणारी ही नदी सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. सुटीत घरी गेलो की राजघाटावर गळ टाकून बसलेली माणसे दिसतात. त्यांच्याजवळ बसून, त्यांना विचारून आणि थोडे वाचून जे समजले ते येथे मांडतो.

इंग्रजी पुस्तकांत गोड्या पाण्यातील मासेमारी म्हणजे बहुधा ‘बास’ या माशाची मासेमारी. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेचा. १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी या शेतकरी तरुणाने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे दहा किलोचा बास धरला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडले, तीही जपानमधील बिवा सरोवरात. आपल्याकडे तापीत बास नाही. पण त्याच्या स्वभावाचा मासा आहे, तो म्हणजे मरळ. दोघेही शिकारी. दोघेही गवताच्या, शेवाळाच्या किंवा बुडालेल्या झाडाच्या आडोशाला दबा धरतात आणि भक्ष्य जवळ येताच झडप घालतात. मरळीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की ती हवेत श्वास घेते. त्यासाठी तिला थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर यावे लागते. संथ पाण्यावर एकाच जागी पुन्हा पुन्हा वलय उठत असेल, तर तेथे मरळ आहे असे जाणते लोक ओळखतात.

यावरून पहिला धडा असा की, गळ टाकण्याआधी पाणी वाचावे. नदीच्या वळणावर बाहेरच्या बाजूला धार काठ कोरते, तेथे पाणी खोल असते. आतल्या बाजूला वाळू साचून पाणी उथळ होते. खळखळणारे पाणी जेथे डोहात उतरते, तेथे वेगवान आणि संथ पाण्याची सीमा असते. प्रवाह अन्न आणून देतो आणि संथ पाण्यात माशाला कष्ट पडत नाहीत, म्हणून मासे त्या सीमेवर थांबतात. उन्हाळ्यात पहाट आणि तिन्हीसांजेची वेळ चांगली. थंडीत मासे सुस्तावून खोल पाण्यात जातात, तेव्हा ऊन चढल्यावर बसावे.

दुसरा धडा खोलीचा. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. त्यामुळे गळ किती खोल सोडायचा हे कोणता मासा हवा त्यावर ठरते. तंगुसावर मोरपिसाचा देठ किंवा बोरूचा तुकडा बांधतात. तो वरखाली सरकवला की आमिषाची खोली बदलते, आणि मासा लागला की तोच बुडून खूण देतो. रोहू-मृगळासाठी कणीक आणि पेंडीचा घट्ट गोळा पुरतो. बारीक माशांसाठी गांडूळ. मरळीसाठी जिवंत बेडूक लावण्याची जुनी रीत आहे, पण ती सोडलेली बरी. बेडूक शेतातील किडे खातो, आणि आपल्याकडच्या मोठ्या बेडकाला वन्यजीव कायद्याचे संरक्षणही आहे. बाससाठी तयार होणारे रबरी बेडूक मरळीलाही चालतात. त्यांचा आकडा रबराच्या अंगात दडलेला असल्यामुळे तो शेवाळात अडकत नाही. बेडूक पाण्याच्या पृष्ठभागावरून थांबत थांबत ओढावा. झडप पडली तरी लगेच हिसका देऊ नये; क्षणभर थांबून, तोंडात नीट गेल्यावर ओढावे.

आता कायदा. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारीचा बंद काळ असतो. तो मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. नदीशी संबंध नसलेली लहान तळी यातून वगळली आहेत. हा नियम म्हणजे सरकारी जाच आहे असे काहींना वाटते, पण त्यामागचे कारण साधे आहे. कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या तळ्यात आपण होऊन अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील नव्या, वाहत्या पाण्याची चाहूल लागते. म्हणूनच १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली, ती मोठी घटना मानली जाते आणि १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळला जातो. नदीतली वीण मात्र त्या दोन महिन्यांवरच अवलंबून आहे. पावसाळ्यात मरळीची जोडीही आपल्या तांबूस पिलांच्या थव्याभोवती पहारा करते. त्या वेळी आईबाप धरले तर सगळा थवा इतर माशांच्या पोटात जातो. व्यापारी भाषेत सांगायचे तर हे व्याज खाणे नव्हे, मुद्दल खाणे आहे.

सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. महाशीर हा २०११ पासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे; तो गळाला लागलाच तर ओल्या हाताने धरून, आकडा हलकेच काढून पाण्यात सोडावा. तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना पट्ट्याने दिलेले असतात. तेथे विचारल्याशिवाय गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातील कणसे तोडण्यासारखे आहे.

काठावरून मासे धरता येत असताना होडी कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. होडीमुळे डोहाच्या मध्यापर्यंत आणि काठावरून न पोचणाऱ्या आडोशापर्यंत जाता येते, हे खरे. गेल्या दिवाळीत आम्ही चौघे मित्र एक जुनी लाकडी होडी विकत घेण्याच्या बेतात होतो. निर्णयापूर्वी मी कागदावर हिशेब मांडला. पुढील आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. वाचकांनी आपापल्या गावचे घालावेत.

समजा, होडीची किंमत ३०,००० रुपये, आयुष्य १० वर्षे आणि शेवटी लाकडाचे ३,००० रुपये येतील. सरळ रेषा पद्धतीने वार्षिक घसारा २,७०० रुपये झाला. दरवर्षी सांधे उकरून त्यांत कापूस ठासणे, डांबर लावणे, कुजलेली फळी बदलणे यासाठी ३,००० रुपये. दोर, वल्ही, जाकिटे आणि राखणदारी मिळून १,८०० रुपये. एकूण ७,५०० रुपये. नावाड्यासह होडी भाड्याने घेतली तर एका फेरीला ३०० रुपये पडतात असे धरू. म्हणजे वर्षाला २५ फेऱ्या झाल्या तर स्वतःची होडी आणि भाड्याची होडी यांची बरोबरी होते. आम्ही चौघेही शिक्षणासाठी बाहेरगावी. दिवाळी आणि मे महिना धरून दहा फेऱ्यांपलीकडे मजल जाणे अशक्य. दहा फेऱ्यांचे भाडे ३,००० रुपये, तर मालकीचा खर्च ७,५०० रुपये.

येथे एक मित्र म्हणाला, “होडी कमी वापरली तर खर्चही कमीच येईल ना?” हाच मोठा गैरसमज आहे. सायकल कोपऱ्यात उभी राहिली तर फारसे बिघडत नाही, पण लाकडी होडी पाण्याबाहेर उन्हात राहिली की फळ्या वाळतात, आकसतात आणि सांधे उघडे पडतात. पाण्यातच बांधून ठेवली तर कुजते. न वापरलेल्या होडीचा खर्च थांबत नाही, उलट वाढतो. हे ध्यानात आल्यावर आम्ही विकत घेण्याचा बेत रद्द केला आणि घाटावरच्या एका अनुभवी भोई काकांची होडी सुटीपुरती ठरवली. होडीबरोबर त्यांचे ज्ञानही मिळते, ते कोणत्याही खतावणीत जमा दाखवता येत नाही.

तरीही ज्याचे घर नदीकाठी आहे आणि ज्याच्या फेऱ्या पुरेशा होतील, त्याने होडी जरूर घ्यावी. जुनी होडी घेताना चाकूचे टोक तळाच्या फळीत, विशेषतः खिळ्यांजवळ, टोचून पाहावे. मऊ लागले तर लाकूड कुजले आहे. होडी रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी किती पाणी आत आले ते पाहावे. वाळलेल्या होडीत प्रथम थोडे पाणी झिरपते, पण फळ्या फुगल्यावर ते थांबायला हवे. चार महिने ती उंच जागी, सावलीत, ओंडक्यांवर पालथी ठेवावी. दोनतीन जणांना उचलून नेता येईल इतकीच होडी घ्यावी. इकडे तुंगभद्रेवरचे हरिगोलु पाहा. बांबूची ही गोल होडी थोड्या पाण्यातही तरंगते आणि काम संपले की उचलून काठावर पालथी घालता येते. भागीदारीत घेणार असाल तर वाटा, वापराचे दिवस आणि दुरुस्तीची वर्गणी लिहून ठेवा. नुसती सामाईक मालकी म्हणजे १९३२ च्या कायद्यातील भागीदारी नव्हे. त्यामुळे भांडण झाल्यास तुमचा कागदच कामी येईल. इंजिन लावायचे असेल तर २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्याखालील तपासणी आणि नोंदणीची चौकशी आधी करा.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. १३ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे भोपाळच्या खटलापुरा घाटावर गणेशविसर्जनाच्या वेळी होडी उलटून ११ जण बुडाले. मूर्तीचे वजन, माणसांची दाटी आणि अंगात जाकिटे नाहीत. पोहता येत असले तरी जाकीट घालावे. होडीत उभे राहू नये, दोन होड्या एकमेकींना बांधू नयेत, पाणी उपसायला डबा जवळ असावा. तापीचे तर आणखी एक आहे. बुऱ्हाणपुरात कडक ऊन असते आणि वर बैतूलकडे पाऊस झालेला असतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या आणि फेस वाहून येऊ लागला, की मासा गळाला लागलेला असला तरी तंगूस कापून काठ गाठावा.

आमच्या भोई काकांचा एक नियम आहे. होडीत बसण्याआधी ते काठावर एक काठी पाण्याच्या रेषेवर रोवतात आणि अधूनमधून तिच्याकडे पाहतात. पाणी काठीवर चार बोटे चढले की फेरी संपली. ज्यांना गळ हातात घ्यावासा वाटेल, त्यांनी आधी अशी एक काठी रोवायला शिकावे.